ब्रेकमधील हवा आणि घाटाचा उतार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ आणि बेदाण्याचे सौदे सांभाळणारी आणि साताऱ्याच्या पेठांतून कापड-किराण्याची दुकाने चालवणारी कुटुंबे मोटारगाडीकडे चैनीची वस्तू म्हणून पाहत नाहीत. सोमवार ते शनिवार ती वसुलीला आणि मालाच्या पाहणीला जाते, तर रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घेऊन पाचगणी-महाबळेश्वरचा घाट चढते. या गाडीच्या विम्याची तारीख कुटुंबप्रमुखास तोंडपाठ असते. टायर कधी घेतले, बॅटरी कधी बदलली, याच्या पावत्याही फाइलमध्ये सापडतात. परंतु ब्रेकमधील ऑइल शेवटचे कधी बदलले, असा प्रश्न केला तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. गाडी सपाट रस्त्यावर थांबते, म्हणून ब्रेक ठीक आहेत, असे गृहीत धरले जाते. घाटात मात्र हे गृहीतक टिकेलच असे नाही.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथून पसरणी घाटाने वाईस उतरताना साधारण बारा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची कमी होते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी साडेपाचशे मीटर खाली आली आणि तिचा सारा वेग केवळ ब्रेकने रोखला, तर जी उष्णता निर्माण होईल ती सुमारे वीस लिटर साधे पाणी उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी आहे. ही उष्णता चार चाकांवरील लोखंडी चकत्या, ड्रम आणि त्यांना लागून असलेले थोडेसे ब्रेक ऑइल यांना सोसावी लागते. आंबेनळी, केळघर, कुंभार्ली आणि यवतेश्वर या घाटांचे गणितही याहून वेगळे नाही.

पेडलवरचे बोट आणि चाकावरची पकड

ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि बारीक नळ्यांत भरलेल्या द्रवावर दाब येतो. द्रव दाबला जाऊन लहान होत नाही. म्हणून तो दाब तसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हा सिद्धांत सतराव्या शतकात मांडणारे ब्लेझ पास्कल हे फ्रान्समधील एका करवसुली अधिकाऱ्याचे चिरंजीव. वडिलांचे हिशेब सोपे व्हावेत म्हणून त्यांनी तरुणपणीच बेरीज-वजाबाकीचे यंत्र तयार केले होते. व्यापारी कुटुंबांस त्यांची ओळख त्या यंत्रामुळे अधिक जवळची वाटावी. पुढे १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीस चारही चाकांवर द्रवदाबाचे ब्रेक बसवले गेले आणि हळूहळू ही पद्धत जगभर रूढ झाली.

आपल्या भागाशीही या इतिहासाचा धागा जोडलेला आहे. १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे घरोघरी पोहोचलेली प्रीमियर पद्मिनी याच कंपनीची. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास कालांतराने वालचंदांचे नाव देण्यात आले. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्यांतील हवा काढण्याचे काम त्या पिढीतील अनेक गाडीमालक अंगणात स्वतः करीत असत. आजच्या गाडीतही तत्त्व तेच आहे. मात्र भोवतालची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची झाली आहे.

हवा कोठून येते?

ब्रेकच्या नळीत द्रवाऐवजी हवेचा बुडबुडा शिरला तर पास्कलचा नियम त्या ठिकाणी लंगडा पडतो. हवा दबते. पायाने दिलेला जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी तो बुडबुडा आकसण्यात खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर ते कडक होते. अनेक चालक ‘दोनदा पंप मारला की लागतो’ असे म्हणून महिनोन्महिने गाडी चालवतात. समोर अचानक म्हैस किंवा दुचाकी आली तर दुसऱ्यांदा पंप मारण्यास अवसर मिळत नाही, हे त्या वेळी ध्यानात येत नाही.

ब्रेकचे भाग बदलताना नळी उघडली गेली, टाकीतील ऑइल फार खाली गेले अथवा कोठे गळती झाली, म्हणजे हवा आत शिरते. दुसरे कारण अधिक छुपे आहे. ब्रेक ऑइल असे नाव असले तरी हा द्रव तेल नव्हे. सामान्य गाड्यांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, डॉट ४ चा २३० अंश. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी खाली जाते. गाडी थंड झाल्यावर सारे पूर्ववत दिसते, त्यामुळे दोष सापडतही नाही. म्हणूनच बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांच्या सुमारास ब्रेक ऑइल बदलण्यास सांगतात. सह्याद्रीच्या दमट पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीने ही मुदत लांबवू नये.

छोटासा स्क्रू, मोठी गोष्ट

हवा बाहेर काढण्यासाठी प्रत्येक चाकाजवळ, कॅलिपरवर किंवा व्हील सिलिंडरवर, एक लहान पोकळ स्क्रू असतो. गॅरेजमध्ये त्यास निप्पल म्हणतात. त्याचे टोक शंकूसारखे असून ते आतील बैठकीवर घट्ट बसते. थोडे सैल केले की आडव्या छिद्रातून द्रव वर येतो. हवा वर चढते, म्हणून हा स्क्रू कॅलिपरच्या वरच्या बाजूस ठेवलेला असतो. दुरुस्तीत डावा-उजवा कॅलिपर चुकून अदलाबदल झाला तर स्क्रू खाली येतो आणि कितीही ऑइल वाहवले तरी हवा निघत नाही.

या स्क्रूवर रबरी टोपी असते. ती हरवली की पाणी व माती पोकळीत साचून गंज चढतो. सांगलीस याचा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. पुराच्या गाळपाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे आसन आणि इंजिन यांकडे आधी लक्ष जाते. पाण्याखाली गेलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल मात्र वरून स्वच्छ दिसले तरी बदलूनच घ्यावे आणि चारही निप्पल सुटतात की नाही, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

घरी करावयाची पद्धत

हे काम दोन व्यक्तींचे आहे. गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करावी आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँडचा आधार द्यावा. साहित्य थोडेच लागते. निप्पलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक रबरी नळी, एक बाटली, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे सीलबंद नवे ऑइल, अर्धा ते एक लिटर. अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये, कारण त्याने ओलावा घेतलेला असतो. इंजिन ऑइल किंवा कोणतेही खनिज तेल टाकीत पडले तर आतील रबरी सील फुगून निकामी होतात.

साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. आपल्याकडील उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागील डावे चाक असते. काही गाड्यांत हा क्रम निराळा असतो. तेव्हा पुस्तिकेचा शब्द अंतिम मानावा. निप्पल स्वच्छ करून त्यावर पाना बसवावा, नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे.

आत बसलेल्या व्यक्तीने पेडल सावकाश दाबून ‘धरला’ असे म्हणावे. खाली बसलेल्याने निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करावा. बुडबुड्यांसह ऑइल नळीत येते आणि पेडल खाली जाते. निप्पल पुन्हा बंद झाल्यावरच ‘सोडा’ म्हणावे. हा क्रम उलटला, म्हणजे निप्पल उघडा असताना पाय सुटला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेल्याने मास्टर सिलिंडरचे सील आतील गंजलेल्या भागावर घासण्याचा संभव असतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे इष्ट. नळीतून बुडबुड्यांविना स्वच्छ ऑइल येईपर्यंत ही क्रिया करावी आणि दर पाच-सहा वेळांनंतर टाकीत ऑइल भरावे. टाकी रिकामी झाली तर आरंभापासून सर्व काम पुन्हा करावे लागते.

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये, गटारात किंवा मातीत ओतू नये. ते विषारी आहे. लहान मुलांच्या व मुक्या जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा रीतीने बाटलीत बंद करून गॅरेजमधील टाकाऊ ऑइलच्या साठ्यात द्यावे.

हट्टी निप्पल आणि आवरता हात

घरगुती कामाची खरी कसोटी गंजलेल्या निप्पलपाशी लागते. तो पोकळ असल्याने नाजूक असतो आणि साध्या उघड्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात. सहा बाजूंनी पकडणारा सॉकेट अथवा रिंग पाना वापरावा. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी भोवती हलके टोले द्यावेत, प्रथम किंचित आवळून मग सैल करून पाहावे. इतके करूनही तो हलत नसेल तर तेथेच थांबावे. लांब पाइप लावून जोर केल्यास निप्पल तुटून अर्धा भाग आत राहतो आणि काही रुपयांच्या स्क्रूपायी संपूर्ण कॅलिपर बदलण्याची पाळी येते. ज्योत लावून तो तापवण्याचा प्रयोग घरी करूच नये. जवळच रबर, सील आणि पेट घेणारा द्रव असतो.

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस यंत्रणा बंधनकारक आहे. अशा काही गाड्यांत एबीएसच्या भागात अडकलेली हवा काढण्यास संगणकीय उपकरण लागते. तेथे घरच्या प्रयत्नास मर्यादा आहेत.

काम संपल्यावर निप्पल बेताने आवळावेत, टोप्या बसवाव्यात आणि इंजिन चालू करून पेडल एक मिनिट जोराने धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. तसे असता गाडी रस्त्यावर नेऊ नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. पेडल कडक राहिले तर प्रथम मोकळ्या, सपाट जागी माणसाच्या चालीच्या वेगाने ब्रेक तपासावेत. घाट हे चाचणीचे ठिकाण नव्हे. घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा अवरोध वापरावा, म्हणजे ब्रेकवरचा भार हलका होतो.

ज्यांना हात काळे करावयाचे नसतील त्यांनीही ही माहिती ठेवावी. मिस्त्रीकडे गाडी दिली असता त्याने सीलबंद डबा समोर उघडला का, चारही चाकांची हवा काढली का, चारही निप्पल सुटले का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. चांगला मिस्त्री अशा प्रश्नांनी रागावत नाही. मग विम्याच्या पावतीशेजारी ऑइलची तारीख, प्रकार आणि किलोमीटर यांची एक ओळ लिहून ठेवावी. दोन वर्षांनी घाटाच्या सहलीचा बेत ठरेल, तेव्हा ती ओळ काढून पाहता येईल.