पाणी कोणी ओतायचे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना घेऊन मी बोईसरच्या एका कामगार वस्तीतील अंगणवाडीत गेलो होतो. चार वर्षांची एक मुलगी लहान तांब्यातून पेल्यात पाणी ओतीत होती. पाणी सांडले. तिने फडके आणून फरशी पुसली आणि पुन्हा तांब्या उचलला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून आलेली तिची आई दारात उभी होती. ती सेविकेला म्हणाली, "बाई, पाणी ओतणं न् फडकं मारणं तिच्या नशिबात आहेच. त्याला शाळा कशाला? तिला अक्षरं शिकवा."

माझे विद्यार्थी हसले. मला हसू आले नाही. माझी आईही हेच म्हणाली असती.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गावच्या शाळेत वर्ग झाडायची पाळी नेमकी आमच्या वस्तीतील मुलांवर येई. पिण्याच्या पाण्याचा माठ भरायला मात्र आम्हाला कोणी कधी सांगितले नाही. झाडू आमचा, पाणी त्यांचे. म्हणून 'कृतीतून शिक्षण' हे शब्द ऐकले की आपल्या माणसाच्या मनात शंका येते. ही शंका अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. पण शंका खरी असली तरी तिच्यापायी एक चांगली गोष्ट आपण टाकून देत नाही ना, हेही तपासले पाहिजे.

पाणी ओतताना मूल काय शिकते? त्याच्या मनगटाला वळण लागते, डोळा आणि हात एकमेकांच्या सोबतीने चालू लागतात. आधी काय करायचे आणि नंतर काय, हा क्रम त्याच्या मनात बसतो. मुख्य म्हणजे चूक कोणी दाखवावी लागत नाही. सांडलेले पाणीच ती दाखवते आणि मूल स्वतः सुधारते. चिंचोके, वाल आणि तुरीचे दाणे वेगळे करताना ते सारखे आणि निराळे ओळखायला शिकते. गणिताची सुरुवात तिथेच आहे. चिमटीत दाणा धरणारी बोटेच पुढे पेन्सिल धरतात. पंगतीत प्रत्येकापुढे एकेक ताटली ठेवणारे मूल एकास एक मोजते. म्हणजे अक्षर आणि कृती यांत वैर नाही. कृती ही अक्षराची पूर्वतयारी आहे.

कोणी म्हणेल, आपली मुले घरी हेच करतात. पाच वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेते, हंडा उचलते. खरे आहे; आणि तिच्या या कर्तबगारीला शाळेने ज्ञान म्हणून मान द्यायला हवा. पण तो हंडा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. पाणी लांबून आणलेले असते, म्हणून सांडले तर पाठीत धपाटा बसतो. चूक करण्याची चैन गरिबाच्या पोराला परवडत नाही. चांगल्या बालवाडीत तांब्या तिच्या हाताच्या मापाचा असतो आणि पाणी सांडण्याची मुभा असते. तिथे ती कोणाची चाकरी करीत नाही, स्वतःला घडवते.

ही पद्धत मुळात श्रीमंतांची नव्हे. मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. पुढे आपल्याकडे हीच पद्धत महागड्या साहित्यासह शहरातल्या सुखवस्तू घरांत अडकली. ती तिथून सोडवण्याचे काम आपल्याच पालघर जिल्ह्यात झाले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले.

तिथे विकतच्या साहित्याची जागा बिया, शिंपले, पाने, काड्या आणि माती यांनी घेतली. अंघोळ करणे, केस विंचरणे, नखे काढणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष देण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला.

पण त्याच १९४५ साली, याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, हे विसरून चालणार नाही. बालवाडीने वेठ मोडली नाही. ती लढ्याने मोडली. आणि लढ्याने वेठ मोडली तरी लहान मुलाच्या बोटांना आपोआप वळण लागत नाही. दोन्ही कामे करावी लागतात. वेठ आणि कृती दोन्हींत हात राबतात. वेठीत काम दुसऱ्याचे असते, नको म्हणता येत नाही आणि कोणी करायचे हे जन्माने ठरलेले असते. कृतीत काम मुलाचे स्वतःचे असते, ते थांबवता येते आणि सर्वांना सारखेच करावे लागते.

बाबासाहेबांनी आपल्या लहानपणीची आठवण लिहून ठेवली आहे. शाळेत तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्यांना पाणी मिळत नसे. शिपाई नसला की पाणी नाही. हात असलेल्या, बुद्धी असलेल्या मुलाला नळाला हात लावायची बंदी! स्वावलंबन हा शब्द आपल्याकडे सद्गुण म्हणून शिकवला जातो. आपल्या मुलांकडून तो हक्क म्हणून हिरावून घेतला होता, हे कोणी शिकवीत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर लोकांनी आपल्या ओंजळीने पाणी घेतले, ते या हक्कासाठीच. चार वर्षांची आपली मुलगी सर्वांच्या माठातले पाणी आपल्या हाताने ओतते आणि शेजारच्या मुलाला देते, तेव्हा ती क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. कृतीला विरोध नको, पण अटी हव्यात. झाडू आणि तांब्या दोन्ही प्रत्येक मुलाच्या हाती पाळीने यावेत. मुलगा-मुलगी, जात, परप्रांतीय असा भेद नको. बाईंचे वा गुरुजींचे खाजगी काम ही कृती नव्हे. आणि या वाटेने मूल पुस्तकापर्यंत पोहोचलेच पाहिजे. जी कृती अक्षराच्या अलीकडेच थांबते ती पुन्हा वेठच.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून हक्क देतो. तीन ते सहा वर्षांची मुले त्या हमीबाहेर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा टप्पा शिक्षणात धरला आहे. पण धोरण कागदावरून वस्तीत आपोआप उतरत नाही. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांचे ओझे असते. तिला प्रशिक्षण, पुरेशी जागा आणि योग्य मोबदला मिळावा, हीही आपल्या चळवळीची मागणी झाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनो, आपण मोर्चे काढतो, जयंत्या करतो. एखाद्या सकाळी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीतही तासभर बसा. झाडतो कोण, पाणी कोण देते, कोण कोणाशेजारी जेवते, हे पाहा. आणि त्या आईला भेटलात तर तिला हसू नका. मुलीला अक्षरे हवीत, हा तिचा आग्रह सोळा आणे खरा आहे. तिला एवढेच सांगा, की तुझी मुलगी आज पाणी ओतते आहे ती दुसऱ्याचा पेला भरायला नव्हे. उद्या पेन्सिल धरणारा हात ती स्वतःच तयार करते आहे.