वादळाची वर्दी

हवामानखात्याने पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, ही थट्टा आपल्याकडे किती जुनी आहे कोण जाणे! शहरातल्या माणसाला ती परवडते. अंदाज चुकला तर त्याचे फार तर कपडे भिजतात. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला ती तितकीशी रुचत नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तर हवामान सांगणाऱ्याच्या एकेका वाक्यावर माणसांचे जीव वाचले आहेत. अशी वाक्ये चार दशके बोलत राहिलेल्या गॅरी इंग्लंड या गृहस्थांची ही हकीकत आहे.

ओक्लाहोमाच्या सपाट माळावर दर वसंतात टोर्नेडो उठतात. चैत्र-वैशाखात पालापाचोळा गरगरवीत जाणारी आपल्याकडची वावटळ आपण सर्वांनीच पाहिली आहे. पण ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तर टोर्नेडो काळ्या ढगाच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखा खाली उतरतो. सोंड जमिनीला टेकली की घरे, झाडे, मोटारी, काहीच जागेवर राहत नाही. ९ एप्रिल १९४७ च्या रात्री वुडवर्ड या गावावर असाच टोर्नेडो आला. आधी कोणी सूचना दिलेली नव्हती. त्या एका गावात शंभरांवर माणसे मेली. तेथून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या सीलिंग या लहानशा गावी तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा राहत होता. तोच हा गॅरी.

सूचना का दिली गेली नाही? शास्त्र अपुरे होते, हे खरेच. परंतु त्याहून नवलाची गोष्ट अशी, की १८८० नंतरच्या दशकापासून १९३८ पर्यंत अमेरिकेच्या सरकारी हवामान अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच मनाई होती! शब्द ऐकून लोक घाबरतील आणि वादळापेक्षा घबराटीनेच अधिक नुकसान होईल, असा शहाणपणाचा युक्तिवाद त्यामागे होता. आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत, त्याला ‘लांबडं’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पण नाव घेतले नाही म्हणून साप चावायचा राहत नाही.

बंदी उठली तरी जीभ लवकर सैल झाली नाही. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्याच टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी ‘आज टोर्नेडो येईल’ असे भाकीत केले आणि त्याच संध्याकाळी तो आला. पुढे १९५२ मध्ये हॅरी व्होल्कमन यांनी दूरचित्रवाणीवरून टोर्नेडोचा इशारा थेट लोकांना दिला. लोक घाबरून सैरावैरा धावले नाहीत. त्यांनी आसरा गाठला. या व्होल्कमनना पडद्यावर पाहून लहानग्या गॅरीने वडिलांना सांगितले, की मला असे व्हायचे आहे. हे काम करणाऱ्याला म्हणतात काय, ते मात्र बापलेकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते, असे ते पुढे मोठ्या गमतीने सांगत.

नौदलात त्यांनी हवामानाचे निरीक्षण शिकून घेतले, १९६५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी मिळवली आणि १९७२ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या के.डब्ल्यू.टी.व्ही. या केंद्रावर ते दाखल झाले. १९८१ मध्ये त्या केंद्राने त्यांच्यासाठी डॉप्लर रडार आणले. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरती. याच तत्त्वावर हे यंत्र ढगातला वारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, ते ओळखते. शेजारी-शेजारी उलटसुलट वारे दिसले, की ढगाच्या पोटात भोवरा धरला असे समजावे. सोंड जमिनीला टेकण्याआधीच लोकांना वर्दी देता येऊ लागली. चालू कार्यक्रम न थांबवता पडद्याच्या कोपऱ्यात धोक्याच्या भागाचा छोटा नकाशा दाखवण्याची युक्तीही त्यांच्याच नावावर जमा आहे.

पण वर्दी मिळाली तरी ती ऐकणाऱ्याला पटली पाहिजे! इंग्लंड परिभाषेत अडकले नाहीत. वादळ आता कोणत्या गावाकडे, कोणत्या रस्त्याच्या चौकाकडे निघाले आहे, हे ते शेजाऱ्याशी बोलावे तसे सांगत. त्यांची ठरावीक वाक्ये राज्यात इतकी पाठ झाली होती, की तरुण पोरांनी त्यांवर मद्यपानाचा एक खेळच रचला होता. ‘ट्विस्टर’ या १९९६ च्या चित्रपटाच्या आरंभी हेच इंग्लंड पडद्यावर दिसतात. प्रसंग १९६९ सालचा, जेव्हा ते अद्याप या केंद्रावर आलेही नव्हते!

खरी परीक्षा ३ मे १९९९ रोजी झाली. ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन टोर्नेडो ब्रिज क्रीक आणि मूर या वस्त्यांवर चालून आला. सरकारी हवामान कार्यालय इशाऱ्यामागून इशारे देत होते आणि इंग्लंड पडद्यावरून एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावत होते : जमिनीखाली उतरा. त्या टोर्नेडोत आठ हजारांवर घरांची नासधूस झाली. माणसे गेली छत्तीस. इशारे नसते तर हा आकडा सहाशेच्या वर गेला असता, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

तरी शब्दाची सत्ता अमर्याद नाही, हेही त्याच मुलखाने दाखवले. २० मे २०१३ रोजी मूरवर पुन्हा टोर्नेडो आला. इशारा वेळेवर मिळाला होता, पण एका शाळेत सुरक्षित तळघर नव्हते आणि सात मुले दगावली. त्यानंतर अकराच दिवसांनी एल रेनोजवळ वादळ उठले, तेव्हा दुसऱ्या एका वाहिनीवरून लोकांना मोटारीने दक्षिणेकडे निघून जाण्यास सांगण्यात आले. रस्ते मोटारींनी तुंबले आणि लोक वादळाच्या तोंडी उघड्यावर अडकले. ज्या आवाजावर लोक विसंबतात, त्याचे चुकीचे वाक्य मौनाइतकेच घातक ठरू शकते. विश्वास कमावणाऱ्यावर केवढी जबाबदारी येऊन पडते!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंड पडद्यावरून निवृत्त झाले. १० जून २०२५ रोजी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज धोक्याची सूचना प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर खणखणते, ती पाहून बाजूला सारणारेही पुष्कळ. लोकांना खरे सांगितले तर ते घाबरतात, असे मानणारी मंडळी सगळ्याच देशांत आणि सगळ्याच खात्यांत आहेत. त्यांनी ओक्लाहोमातल्या त्या तळघरांची आठवण ठेवावी. धोक्याचे नाव त्यांना स्पष्ट शब्दांत आणि ओळखीच्या आवाजात सांगितले गेले होते, आणि माणसे मुलांचा हात धरून निमूटपणे पायऱ्या उतरली होती.