जुनी रायफल आणि हाताने भरलेले काडतूस

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते तेथे उभे राहून आसपासच्या गावांची नावे घेऊ लागलो, तर लष्करात गेलेल्या माणसाचे एकही घर नाही असे गाव सहसा सापडायचे नाही. अशा घरांत चांदमारीच्या गोष्टी निघाल्या की एक प्रश्न हटकून येतो. नेम धरला, श्वास रोखला, चाप अलगद दाबला, तरी गोळी वीतभर बाजूला गेली. चूक कोणाची? उस्ताद म्हणतो जवानाची, जवान म्हणतो रायफलीची. तिसरा आरोपी मात्र कमरेच्या पट्ट्यात स्वस्थ बसलेला असतो. तो म्हणजे काडतूस. आज त्याची उलटतपासणी करावयाची आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाची थ्री-नॉट-थ्री घेऊ. हे माप इंग्रजी फौजेत 1888 साली आले. बंगालातील इशापूरच्या कारखान्यात या रायफली घडल्या आणि पुण्याजवळ खडकीला, 1869 साली स्थापन झालेल्या कारखान्यात, त्यांची काडतुसे निघाली. त्यांच्या बुडावर 'के. एफ्.' ही इंग्रजी अक्षरे असत. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर 2020 च्या प्रजासत्ताकदिनी तिला रीतसर निरोप दिला. म्हणजे हत्यार जुने खरे, पण फार जुनी गोष्ट नव्हे.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बसविलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. 1910 पासून चाललेल्या सातव्या नमुन्याच्या गोळीचे वजन 174 ग्रेन, म्हणजे तोळ्याला थोडे कमी. ती सेकंदाला सुमारे 2,440 फूट वेगाने सुटते, आणि नळीतील आटे दर दहा इंचांत एक फेरा देत असल्याने सेकंदाला जवळजवळ 2,900 वेळा स्वतःभोवती फिरते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा तोल एका बाजूस किंचित जड असला तर काय होईल, हे भोवऱ्याची आर वाकडी बसलेल्या कोणत्याही मुलाला विचारावे.

पुष्कळांची समजूत अशी की, काडतूस जितके जोरदार तितका नेम पक्का. तसे मुळीच नाही. नेमाला जोर लागत नाही, एकसारखेपणा लागतो. दहाही गोळ्या थोड्या सावकाश गेल्या तरी चालेल. माशी-खाच त्याप्रमाणे लावून घेता येते. परंतु एक जलद आणि एक सावकाश गेली तर उपाय नाही. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला, तर दोनशे यार्डांवर तो पाव इंचाच्या आसपास दिसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सहाशे यार्डांवर तोच दोन-तीन इंच होतो.

कारखान्याचे काडतूस हे तयार कपड्यासारखे असते. ते हजारो रायफलींत बसले पाहिजे, उन्हात, चिखलात, थंडीत उडाले पाहिजे. हाताने काडतूस भरणारा हौशी नेमबाज हा शिंपी. तो एकाच अंगाचे माप घेतो. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे हा उद्योग घरोघरच्या टेबलांवर चालतो. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस बनविणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय थ्री-नॉट-थ्री हे लष्करी माप असल्याने सामान्य परवानेवाल्यासाठी इशापूरने .315 मापाची वेगळी रायफल काढली. तेव्हा पुढे सांगतो ती कृती नव्हे, कारणमीमांसा आहे. दारूचे प्रमाण तर मी सांगणारच नाही. तेथे अंदाज चालत नाही. चुकले तर बोल्ट मागे तोंडावर येतो.

हा शिंपी पहिले माप घेतो ते नळीचे. नाव .303, पण ते आट्यांच्या उंचवट्यांमधले अंतर. खाचांपर्यंत मोजाल तर .311 च्या पुढे जाते, आणि युद्धाच्या धामधुमीत झालेल्या किंवा झिजलेल्या नळ्यांत त्याहूनही अधिक. शिशाचा मऊ गोळा नळीतून सारून काढला की त्यावर खरे माप उमटते. नळी ढिली आणि गोळी बारीक असेल तर बाकीची सारी मेहनत फुकट.

मग पुंगळी. सर्वांत मनोरंजक भाग हाच आहे. लष्करी रायफलीचे मागचे घर, जेथे काडतूस बसते, ते मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असते. चिखल लागलेले काडतूसही आत गेले पाहिजे. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी घरात अडते ती बुडाच्या कडेवर, खांद्यावर नव्हे. त्यात बोल्टची पकड मागच्या बाजूला असल्याने बार होताच तो केसभर दबतो. परिणाम असा की पुंगळी प्रत्येक वेळी लांबते, आणि कडेच्या थोडे पुढे तिच्या अंगाला आतून कंकणासारखी बारीक खाच पडत जाते. पुंगळी पुन्हा साच्यातून काढून पूर्ववत बारीक केली की पुढच्या बाराला ती पुन्हा तितकीच ताणली जाते, आणि काही फेऱ्यांनंतर तिचे दोन तुकडे होतात.

यावर तोड सोपी आहे. एकदा उडालेली पुंगळी त्या रायफलीच्या घराचा हुबेहूब आकार घेऊन बाहेर येते. तिचे अंग तसेच राहू द्यावे आणि गोळी धरण्यापुरती फक्त मान आवळावी. आता ती खांद्यावर टेकते, घरात मधोमध बसते, ताण कमी होतो, आयुष्य वाढते आणि नेमही सुधारतो. मात्र ती त्या एकाच रायफलीची झाली. दुसरीत ती कदाचित शिरणारही नाही.

मानेचे आणखी एक दुखणे आहे. पितळ पुन्हा पुन्हा दाबले की कडक होते, तापविले की मऊ पडते, हे आपल्या तांबटांना कोणी शिकवावे लागत नाही. एक मान कडक, दुसरी मऊ, तर एक गोळी घट्ट धरलेली आणि दुसरी सैल. तेवढ्याने वेग बदलतो. म्हणून जाणकार लोक माना तापवून घेतात, बुडाला मात्र आच लागू देत नाहीत. बूड मऊ पडले तर दाब सोसणार नाही.

दारूवर उन्हाचा परिणाम होतो. खडकीच्या जुन्या काडतुसांत कॉर्डाइट असे. नायट्रोग्लिसरिन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलीन यांच्या शेवयांसारख्या काड्या. तापलेले काडतूस अधिक दाब करते. चैत्राच्या दुपारी पेटी उन्हात ठेवून काही गोळ्या थंड नळीतून आणि काही तापल्या नळीतून झाडल्या, तर छिद्रे वरखाली जाणारच. दोष नेमबाजाच्या हाताचा नाही, पेटी सावलीत न ठेवण्याचा आहे.

येथे या रायफलीची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. बार होताच तिची नळी वेतासारखी वरखाली थरथरते. तोंड वर जात असताना जलद गोळी आधी सुटते, सावकाश गोळी थोडी उशिरा, म्हणजे तोंड अधिक वर असताना. त्यामुळे जवळच्या लक्ष्यावर दोघींचे अंतर दिसते, पण दूर, आठशे-हजार यार्डांवर, त्या पुन्हा एकत्र येऊ पाहतात! म्हणून लांब पल्ल्याच्या स्पर्धांत या म्हातारीला मान होता. शंभर यार्डांवर काडतुसाची परीक्षा घेऊन हजार यार्डांचा निकाल सांगणारा येथे फसतो.

टोपीबद्दल थोडक्यात. जुन्या लष्करी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत मिठासारखा क्षार राहतो आणि हवेतील ओल ओढतो. तेलाच्या चिंधीने तो जात नाही, पाण्यानेच विरघळतो. म्हणून उकळते पाणी ओतण्याची चाल होती. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात एक रात्र आळस केला की आटे गंजलेच. त्याच पावसाळ्यात रायफलीचे लाकूडही फुगते, नळीला एका अंगाने रेटते, आणि कालचा नेम आज लागत नाही. लाकूड नीट बसवल्याशिवाय काडतुसांवर वेळ घालविणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला गिलावा करणे होय.

परीक्षेतही फसगत होते. तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की माणूस हर्षून जातो आणि तेवढा कागद खिशात घालून मित्रांना दाखवितो. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. दहा-दहा गोळ्यांचे दोन-तीन कागद झाल्यावरच बोलावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या नेमबाजांनी या विद्येत नाव मिळविले. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. दोन्ही पदके 50 मीटर रायफलीची. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर. त्या .22 काडतुसात टोपी वेगळी नसते, स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते. सबब ते पुन्हा भरता येत नाही आणि शिंपीकाम संपते. मग या खेळातले लोक काय करतात? माणूस बाजूला काढतात, रायफल शिकंजात पक्की आवळतात आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात. नळी तीच, अंतर तेच, हात कोणाचाच नाही; तरी एका घाण्याची छिद्रे एकात एक पडतात आणि दुसऱ्याची फाकतात. जी घाणी त्या नळीला मानवते तिच्या पेट्या वर्षभरासाठी विकत घेऊन ठेवतात. शेजारच्या खेळाडूच्या नळीला तीच घाणी मुळीच मानवत नाही, असेही होते.