जांभूळबेट : आधी काठ, मग कमान

गंगाखेड मागे टाकून गोदावरी पालम तालुक्यात शिरते. तिच्या पात्रात एके ठिकाणी मातीचा उंचवटा उभा आहे आणि त्यावर जांभळीची गर्द झाडी. तेच जांभूळबेट. परभणी जिल्ह्यात डोंगराळ भाग थोडा, बाकी बहुतेक काळी रानं. नावेतून पलीकडे जायचं, दाट सावलीत डबा सोडायचा, मोराची केका ऐकायची, अशी दुसरी जागा पालमकरांना जवळपास नाही. गावाला बाग म्हणावी तर हीच.

बेटाचा विकास व्हावा ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. धड रस्ता हवा, नावेत बसणाऱ्याला लाइफ जॅकेट हवं, बायाबापड्यांसाठी स्वच्छतागृह हवं. माणसं आली तर नाववाल्याच्या, काठावर चहा-भजी विकणाऱ्याच्या हाताला चार पैसे लागतील. धास्ती आहे ती पुढच्या गोष्टीची. आपल्याकडे बागेचा विकास म्हटलं की कमान, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे ओटे आणि रंगीत दिवे ठरलेलेच. गावातल्या बागेत ते एकवेळ खपेल, नदीच्या पात्रात खपणार नाही.

कारण हे बेट खडकावर नाही, मुळांवर तगून आहे. पूर ओसरल्यावर गोदाकाठचं एखादं झाड जवळून पाहावं. खालची माती वाहून गेलेली, जाड मुळं अधांतरी लोंबणारी, त्यांत पऱ्हाट्या आणि चिंध्या अडकलेल्या. तरी बोटाएवढ्या बारीक मुळांनी मातीचं एखादं ढेकूळ अजून घट्ट धरलेलं असतं. असं झाड आडवं झालं की त्याच्यामागचा काठ पुढच्या पुरात उघडा पडतो. वर पैठणला जायकवाडी धरण आहे. दरवाजे उघडले की गोदाकाठची गावं रात्र जागून काढतात. २००६ चा महापूर इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. शिवाय ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे नदीवर आहेत. पाणी अडलं की काठ भिजून फुगतो, पातळी झपाट्याने उतरली की तोच ओला काठ ढासळतो. म्हणून बेटावर जो पहिला रुपया खर्च व्हायचा, तो काठ राखण्यासाठी व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. वाळा, बांबू, करंज अशी मुळं धरणारी लागवड, गरज तिथे दगडाचं पिचिंग, आणि आसपास वाळूउपशाला पूर्ण बंदी.

झाडाखालची जमीनही तितकीच जपायला हवी. जांभळीचं बी साठवून टिकत नाही. फळ पडल्यावर थोड्याच दिवसांत ते रुजावं लागतं, नाहीतर वाया जातं. त्याला लागते पालापाचोळ्याची भुसभुशीत, ओली माती. तिथे फरशी घातली तर आजची झाडं दिसतील, उद्याची उगवणार नाहीत. लांडोर तर अंडी जमिनीवरच घालते, झुडपाच्या आडोशाला आणि बहुतेक पावसाळ्यातच. ‘साफसफाई’ म्हणून ती झुडपं काढली तर तिने जायचं कुठे?

अशा आराखड्याबद्दल लोकांनी विचारलं तर फरक पडतो. मुंबईत मलबार हिलचा जुना जलाशय नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा वरच्या हँगिंग गार्डनमधल्या आणि परिसरातल्या ३८९ झाडांवर गंडांतर आलं. २०२३ मध्ये रहिवाशांनी आवाज उठवला आणि महापालिकेला आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांसह तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. ती श्रीमंत वस्ती, हे खरं. पण आराखडा दाखवा म्हणण्याचा हक्क नदीकाठच्या शेतकऱ्यालाही तेवढाच आहे.

तेव्हा बेटाचं कुठलंही काम निघो, निविदेआधी त्याचा नकाशा आणि अंदाजपत्रक काठच्या गावांच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावं. वाहनतळ, दुकानं, स्वच्छतागृह सगळं नदीच्या अलीकडे, पूररेषेच्या बाहेर. बेटावर फक्त पायवाट, तीही मातीची. एका वेळी किती माणसं पलीकडे सोडायची, हे नाववाल्यांना सोबत घेऊन ठरवावं. आणि बेटावरच्याच जांभळीची रोपवाटिका करण्याचा निर्णय उन्हाळ्यातच व्हावा. जून-जुलैत जांभळं पडतील तेव्हा बिया गोळा करायला माणसं आणि पिशव्या तयार नसतील, तर काठावर लावायला बेटाचीच रोपं मिळायला आणखी एक वर्ष जाईल.