सुंभ जळाला, पीळ राहिला

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी डोळ्यांच्या आधी कानांना सापडते. तेथे हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याची घागर आकार घेते. भांड्यावर ठोकून एकसारख्या खळ्या उठवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात.

तांबट भट्टीत तांबे तापवून नरम करतो. कोळसा आणि तांबे यांचा सहवास असा जुना आहे. पण हे दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. वितळलेले तांबे कोळशावर ओतले, तर अळूच्या पानावरील पाण्यासारखे त्याचे थेंब होतात. आता विचार करा. कोळसा हलका, तांबे वीज उत्तम वाहून नेणारे. दोघांचा मिळून एकच बारीक धागा झाला, तर तो बॅटरीत किंवा रासायनिक क्रियांचा वेग वाढवण्यासाठी उपयोगी पडेल. पण तो करायचा कसा?

मराठीत म्हण आहे, 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.' उर्दूत आपण म्हणतो, 'रस्सी जल गई, पर बल नहीं गया.' हा हट्टी माणसाला मारलेला टोमणा आहे, पण त्यातच आपले उत्तर आहे. कोळसा पाडणारे लोक लाकडे मातीने झाकून जाळतात. हवा कमी मिळाल्याने लाकडाची राख न होता कोळसा होतो, आणि त्यावर लाकडाच्या रेषा तशाच दिसतात. १८७९ साली एडिसनने सुती धाग्याचा असाच कोळसा करून विजेच्या दिव्यात बसवला होता.

सूत हे निसर्गातील बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. आता शास्त्रज्ञ पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्रिल नावाचे कृत्रिम बहुवारिक घेतात. स्वेटरची अ‍ॅक्रिलिक लोकर मुख्यतः त्याचीच असते. ते द्रावकात विरघळवून त्यातच तांब्याचा क्षारही विरघळवतात. जे दोघे पुढे मिसळणार नाहीत, त्यांना आधीच एकत्र आणायचे, ही खरी युक्ती! हे द्रावण सुईतून सोडतात आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात. केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक धागे निघून त्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी चादर जमते.

मग ती चादर हवेत सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवतात. माझ्या मते हे सर्वांत धीराचे काम आहे. घाई केली तर धागे एकमेकांना चिकटतात आणि आकार बिघडतो. चादर पिवळी, तपकिरी, शेवटी काळी होते. नंतर नायट्रोजन वायूत ७०० ते ८०० अंशांपर्यंत उष्णता देतात. बहुवारिकाचा कार्बन होतो. क्षारापासून तांब्याचे ऑक्साइड बनते आणि कार्बन त्यातील ऑक्सिजन ओढून घेतो. खनिजातून धातू काढताना कोळसा हेच काम करत आला आहे.

तांबे १०८५ अंशांना वितळते, परंतु त्याचे सूक्ष्म कण त्याआधीच सरकून एकमेकांना मिळतात आणि मोठे होतात. म्हणून उष्णतेवर आणि वेळेवर फार लक्ष ठेवावे लागते.

भट्टी थंड झाली की काळी चादर बाहेर येते. वजन जवळजवळ निम्म्यावर आलेले असते, पण धागा धाग्यासारखाच राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर तांब्याचे दाणे दिसतात. अशा चादरी बहुधा ठिसूळ असतात, त्यामुळे त्या चिमट्याने अलगद उचलतात.