शेतातले औषध, भुयारातले विष

२० मार्च १९९५, सोमवार. टोकियोच्या भुयारी रेल्वेत सकाळची गर्दी. ओम शिनरिक्यो पंथाच्या पाच जणांनी पाच गाड्यांत कागदात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पायाशी टाकल्या, छत्रीच्या टोकदार केलेल्या टोकाने त्या भोसकल्या आणि ते उतरून गेले. पिशव्यांत सरीन होते.

सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. बहुतेकांची तक्रार एकच, डोळ्यांपुढे अंधारी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. जागा पुरेना म्हणून काहींना प्रार्थनागृहात ठेवले, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने रुग्णालयातल्याच शंभरावर कर्मचाऱ्यांना त्रास झाला. नऊ महिन्यांपूर्वी मात्सुमोतो शहरात याच पंथाने सरीन सोडले होते. तिथल्या एका डॉक्टरांनी टीव्हीवर बातमी पाहिली, लक्षणे ओळखली आणि टोकियोच्या रुग्णालयांना कळवले. उतारा हवा होता ‘पॅम’चा. टोकियोत साठा तुटपुंजा, म्हणून तो बुलेट ट्रेनने बाहेरगावांहून आणला गेला. हे इंजेक्शन मुळात ठेवले जाई ते शेतकऱ्यांसाठी, कीटकनाशकाच्या विषबाधेवर.

यवतमाळच्या डॉक्टरांना यात काहीच नवल वाटणार नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना तिथे वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे तेव्हा घरोघर पोचली. ही औषधे आणि सरीन एकाच कुळातली, सेंद्रिय फॉस्फरसची. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो अॅसिटिलकोलीनमार्फत. काम झाले की एक विकर ते लगेच मोडून टाकते. हे विष त्या विकरालाच जखडते. नळ सुटलेला आणि बंद करणारा हात बांधलेला, अशी गत होते. घाम, लाळ, उलट्या, झटके, शेवटी श्वास बंद. फरक मात्रेचा: सरीनचा एक थेंबही जिवावर बेतू शकतो. अॅट्रोपीन आणि पॅम वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो.

नाते जन्मापासूनचे आहे. १९३६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर किडींवर औषध शोधत होता. हाती आला टाबून. सांडलेल्या थेंबाने त्याच्या आणि मदतनिसाच्या बाहुल्या आकसल्या. त्यात शेतीचे औषध नव्हे, लष्कराला अस्त्र दिसले. दोन वर्षांत सरीनही आले.

बंदीचा पेच इथेच आहे. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने वापराला मनाई केली. बनवायला, साठवायला नाही. इराकने १९३१ मध्येच तो मान्य केला होता, आणि १९८८ मध्ये हलब्जात आपल्याच कुर्द नागरिकांवर वायू सोडला. १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्र कराराने व्याख्याच फिरवली. कुठलेही विषारी रसायन अस्त्रच समजायचे; सूट फक्त शेती, उद्योग, औषध अशा हेतूंना, तीही त्या हेतूला शोभेल एवढ्याच प्रमाणात. माझ्या मते कराराचे सारे शहाणपण या एका कलमात आहे. शिवाय साठा जाहीर करा, नष्ट करा, तपासनिसांना दार उघडा. भारताने १९९२ मध्ये पाकिस्तानबरोबरच्या संयुक्त घोषणेत आपल्याकडे असली अस्त्रे नाहीत म्हटले होते. पाच वर्षांनी १,०४४ टन मस्टर्ड जाहीर केले. ते अंग भाजणारे विष, मज्जातंतूंचे नव्हे, पण खोटे ते खोटेच. २००९ पर्यंत तो साठा संपवला, हेही खरे. जगाने जाहीर केलेला शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत नष्ट झाला.

जाहीर केलेला, एवढेच. सीरिया २०१३ मध्ये घूतातल्या सरीन हल्ल्यानंतर करारात आला, साठा दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथल्याच खान शेखून गावावर पुन्हा सरीन पडले. दोषी सीरियाचे सरकार, असे संयुक्त राष्ट्रे आणि कराराची संस्था यांच्या संयुक्त तपास यंत्रणेने सांगितले. त्या यंत्रणेची मुदतवाढच रशियाने नकाराधिकाराने अडवली. मग जून २०१८ मध्ये हेगला सदस्य देशांनी मतदान करून दोषीचे नाव घेण्याचा अधिकार थेट कराराच्या संस्थेला दिला. ८२ मते बाजूने, २४ विरोधात. त्या चोवीसांत भारत होता.