क्रीडा मंडळातील तक्रार : घरातल्या घरात मिटवणे कायद्याने गुन्हा

जयपूरच्या शास्त्रीनगर भागात जुलै २०१९ मध्ये सात वर्षांच्या एका बालिकेला पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार करण्यात आला. संतप्त जमाव रस्त्यावर उतरला, शहराच्या अनेक भागांत इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली आणि काही दिवसांतच आरोपीला अटक झाली. तो अनोळखी इसम होता. अशा घटनेनंतर पालक मुलांना परक्या माणसापासून अधिक जपू लागतात, हे स्वाभाविकच. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार बालकांवरील बलात्काराच्या शंभरपैकी सुमारे ९६ प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचाच होता. संध्याकाळी ज्या मैदानावर, आखाड्यात किंवा जलतरण तलावावर मुलाला निर्धास्तपणे सोडले जाते, तेथील सुरक्षिततेचा विचार याच आकड्यापासून सुरू करावा लागतो.

खेळाचे शिक्षण इतर शिक्षणाहून निराळे आहे. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स शिकवताना प्रशिक्षकाला विद्यार्थ्याच्या शरीराला हात लावावाच लागतो. दुखापतीवर मालीश होते, कपडे बदलण्याची खोली एकच असते, स्पर्धांसाठी बाहेरगावी मुक्काम घडतो. शिवाय संघात कोणाला घ्यायचे, हे बहुधा एकाच व्यक्तीच्या हाती असते. महाराष्ट्रातील तालमींत वस्तादांचा शब्द अखेरचा मानला जातो. या आदरानेच अनेक खेळाडू घडले, पण गैरवर्तनाची तक्रार अडते तीही याच आदरापाशी.

ती अडली तर काय होते, याचे सर्वांत विदारक उदाहरण हरियाणातील पंचकुला येथील आहे. ऑगस्ट १९९० मध्ये चौदा वर्षांच्या रुचिका गिरहोत्रा या टेनिसपटूने राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. अध्यक्ष एस. पी. एस. राठोड हे पोलीस महानिरीक्षक होते आणि संघटनेचे कार्यालय त्यांच्याच निवासस्थानी होते. रुचिकाने डिसेंबर १९९३ मध्ये आत्महत्या केली. रीतसर गुन्हा नोंदला जाण्यास त्यानंतरही सहा वर्षे लागली. २००९ मध्ये राठोड यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी ती अठरा महिन्यांची करण्यात आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा भोगलेल्या कालावधीपुरती मर्यादित केली.

आज कायद्याची चौकट पुष्कळ बदललेली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, लागू आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर असा गुन्हा घडल्याची माहिती ज्याला असेल, त्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. माहिती दडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. तक्रार आल्यावर क्रीडा मंडळाचे पदाधिकारी बहुधा आधी आपसात चौकशी करतात, प्रशिक्षकाला समज देतात, पालकांना बदनामीची भीती घालतात. या सर्व ‘समजूतदार’ मार्गांना कायद्यात स्थान नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराची माहिती दिली नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला आणि माहिती न देणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत क्रीडा प्रबोधिनींचा थेट उल्लेख आहे. मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण देणे संस्थेवर बंधनकारक आहे. अर्थात पडताळणीला मर्यादा आहेत. नोंद न झालेला गुन्हा पोलिसांच्या दप्तरात नसतो आणि २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची केवळ तपास यंत्रणांनाच पाहता येते. म्हणून नव्या प्रशिक्षकाच्या आधीच्या मंडळाला केलेला एक दूरध्वनी कधी कधी दाखल्याहून अधिक सांगून जातो. बंद खोलीत एकट्या मुलासोबत सराव न घेणे, पालकांना वगळून खासगी संदेश न पाठवणे, ही पथ्ये तर बिनखर्चाची आहेत. दौऱ्यांबाबत भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असणे सक्तीचे केले. परदेशातील सराव शिबिरात एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतरचा हा निर्णय होता.

सज्ञान महिला खेळाडूंना २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचा आधार आहे. त्याचे मूळ जयपूर जिल्ह्यातच आहे. भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या शासकीय योजनेच्या कार्यकर्तीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून ‘विशाखा’ याचिका उभी राहिली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे कायदा झाला तेव्हा ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडागृहे आणि स्पर्धास्थळेही आली. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. लहान मंडळातील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मोठ्या संघटनाही याबाबत मागेच आहेत. कुस्तीपटूंच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा समित्यांअभावी अनेक महासंघांना नोटिसा बजावल्या होत्या.

दिव्यांग प्रौढ खेळाडूंचा विचार सर्वांत कमी होतो. जयपूरच्या अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये नेमबाजीची सुवर्णपदके जिंकल्यानंतर अशा खेळाडूंना मोठी प्रेरणा मिळाली. चाकाच्या खुर्चीतून उचलणे, कपडे बदलण्यास मदत करणे यांसाठी ज्यांना दुसऱ्यावर विसंबावे लागते, त्यांच्या बाबतीत मदतनीस कोण असावा हे खेळाडूनेच ठरवायचे असते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार अशा व्यक्तीच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. आपल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन दिव्यांग बालक वा महिलेचे लैंगिक शोषण करणाऱ्यास कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे.

मुलांसाठी १०९८ ही निःशुल्क मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असून, २०२३ पासून ती ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडण्यात येत आहे.